वसंतराव देशपांडे : विदर्भात घडलेल्या एका गायकाचे जीवन आणि कार्य

सारांश

प्रस्तुत लेखात डॉ. वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांच्या सांगीतिक जीवनाचा आढावा घेतला आहे. मूर्तिजापूर येथे जन्मलेला व नागपुरात वाढलेला हा गायक लाहोर, पुणे आणि मुंबई येथील भिन्न परंपरांच्या गुरूंकडे शिकला. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकामुळे ते महाराष्ट्रभर पोहोचले. ही मान्यता इतक्या उशिरा का मिळाली, एका घराण्याचा शिक्का नसण्याचे लाभ व तोटे कोणते, आणि विदर्भासारख्या प्रदेशातील महाविद्यालयांनी या चरित्रातून काय घ्यावे, या तीन प्रश्नांची उकल करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : वसंतराव देशपांडे, घराणे, नाट्यसंगीत, मारवा, ‘कट्यार काळजात घुसली’, विदर्भ, झाडीपट्टी.

१. प्रस्तावना

संगीताच्या इतिहासात काही शहरे केंद्रे बनतात आणि उरलेला प्रदेश त्यांना कलावंत पुरविणारा मुलूख ठरतो. अरबी संगीतात हे स्थान दीर्घकाळ कैरोने सांभाळले. ट्यूनीशियात जन्मलेल्या लतीफा किंवा झिक्रा यांसारख्या गायिकांना अखिल अरबी श्रोतृवर्गापर्यंत जाण्यासाठी कैरोचीच वाट धरावी लागली. मराठी संगीतात पुणे व मुंबई या शहरांचे स्थान काहीसे असेच आहे. गोव्यातील कलावंत मुंबईला गेले, कर्नाटकच्या सीमेवरील गायक मिरज-पुण्याकडे आले आणि विदर्भातील गुणी माणसांनी नागपूरची वेस ओलांडून पश्चिमेची गाडी पकडली.

या स्थलांतराचा अभ्यास बहुधा यशाच्या टोकाकडून होतो. कलावंत मोठा झाला की त्याच्या जन्मगावाचा एका वाक्यात उल्लेख करून चरित्रकार पुढे जातो. मूळ प्रदेशाने त्याला काय दिले आणि काय देता आले नाही, केंद्राने त्याचा स्वीकार कोणत्या अटींवर केला, हे प्रश्न बाजूला राहतात. वसंतराव देशपांडे यांचे जीवन या प्रश्नांच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. ते एका परंपरेत जन्मलेले, एका गुरूच्या घरी राहिलेले व तरुण वयातच मैफली जिंकणारे गायक नव्हते. त्यांच्या वाटचालीत खंड, वळणे व प्रतीक्षा यांचे प्रमाण मोठे आहे.

२. बालपण आणि नागपुरातील प्रारंभिक शिक्षण

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. त्यांचे बालपण नागपुरात, मुख्यतः आईच्या आधाराने व कष्टांवर गेले. घरात संगीताचा पिढीजात व्यवसाय नव्हता. ही बाब महत्त्वाची आहे, कारण हिंदुस्थानी संगीतात त्या काळापर्यंत विद्या मुख्यतः कुटुंबातून किंवा गुरुगृही राहून मिळत असे. मध्यमवर्गीय घरातील मुलाला गाणे शिकावयाचे असेल तर त्याला दुसरे साधन हवे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ते साधन संगीत विद्यालयाच्या रूपाने उभे केले आणि पुढील दोन-तीन दशकांत अशी विद्यालये महाराष्ट्राच्या निरनिराळ्या शहरांत स्थापन झाली.

नागपुरात शंकरराव सप्रे यांचे श्रीराम संगीत विद्यालय हे असेच एक केंद्र होते. वसंतरावांनी रागसंगीताचे पहिले पाठ सप्रे गुरुजींकडे गिरविले. पुढे चित्रपटसृष्टीत संगीतकार म्हणून कीर्ती मिळविणारे सी. रामचंद्र हेही सप्रे यांचेच विद्यार्थी होत. एकाच शिक्षकाच्या वर्गातून चित्रपटसंगीतातील एक अग्रणी आणि नाट्यसंगीतातील एक अग्रणी असे दोघे बाहेर पडावेत, ही गोष्ट त्या वर्गाच्या गुणवत्तेविषयी पुरेसे सांगून जाते. तथापि विदर्भाच्या सांस्कृतिक इतिहासात अशा शिक्षकांची नोंद शिष्यांच्या चरित्रातील एका ओळीपुरतीच उरते.

याच वयात वसंतरावांना बोलपटाचाही अनुभव मिळाला. भालजी पेंढारकर यांनी त्यांना ‘कालियामर्दन’ या चित्रपटात कृष्णाची भूमिका दिली. गाणारा व दिसायला चुणचुणीत मुलगा हेरण्याची त्या काळातील दिग्दर्शकांची दृष्टी येथे दिसते. परंतु या प्रवेशातून बालनटाची कारकीर्द उभी राहिली नाही. आवाज फुटण्याच्या वयात पुष्कळ बालगायकांचे गाणे थांबते. वसंतरावांच्या बाबतीत गाणे थांबले नाही. ते पुन्हा विद्यार्थिदशेकडे वळले.

३. लाहोरची तालीम आणि मारवा

तरुण वयात वसंतराव लाहोरला गेले. फाळणीपूर्व लाहोर हे उत्तर हिंदुस्थानातील संगीताचे एक मोठे पीठ होते. तेथे त्यांना उस्ताद असद अली खाँ यांची तालीम मिळाली. या तालमीत मारवा या एकाच रागाचा दीर्घकाळ अभ्यास त्यांच्याकडून करून घेण्यात आला, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. अनेक रागांची माहिती घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला महिनोन्महिने एकच राग गावयास लावणे ही शिक्षा वाटण्याचा संभव आहे. म्हणून या पद्धतीमागील शास्त्रीय कारण समजून घेणे आवश्यक ठरते.

मारवा हा सायंकालीन राग आहे. त्यात रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य असतो. शिकाऊ गायकाला आधार देणारे दोन स्वर म्हणजे षड्ज आणि पंचम. मारव्यात पंचम नाहीच आणि षड्जावरही वारंवार विसावता येत नाही. पुष्कळ स्वरसमूह षड्जाला वळसा घालून जातात. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत या दोन स्वरांवर रागाचा भार असतो. तानपुऱ्यात षड्ज अखंड घुमत असताना गायकाने मात्र त्यापासून दूर राहावयाचे, अशी ही रचना आहे. सूर किंचित ढळला तरी रागाचे स्वरूप बिघडते.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी या तीन रागांचे स्वर एकच आहेत. पूरियात गांधार व निषाद यांना महत्त्व येते आणि चलन मंद्र सप्तकाकडे झुकते, सोहनी तार षड्जाच्या परिसरात वावरते, तर मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो. म्हणजेच येथे केवळ स्वरांची यादी पाठ करून भागत नाही. कोणत्या स्वरावर किती थांबावे, कोठून उठावे, कोणता स्वर केवळ स्पर्शून सोडावा, हे विवेकाने ठरवावे लागते. एका रागात हा विवेक हस्तगत झाला की अन्य रागांकडे पाहण्याची दृष्टी मिळते. वसंतरावांच्या पुढील गायनात जी निर्भयता आढळते, अनपेक्षित स्वरावर झेप घेऊन अचूक परतण्याचे जे सामर्थ्य दिसते, त्याचा संबंध या कठोर अभ्यासाशी जोडणे सयुक्तिक ठरेल. मारवा हा पुढे त्यांच्या मैफलीचा ओळखीचा राग बनला.

४. पुणे-मुंबईतील गुरू आणि घराण्याचा प्रश्न

उपजीविकेसाठी वसंतरावांनी पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात नोकरी धरली. पुण्यात त्यांना सुरेशबाबू माने यांचे मार्गदर्शन लाभले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे पुत्र आणि हिराबाई बडोदेकर यांचे ज्येष्ठ बंधू असलेले सुरेशबाबू हे किराणा गायकीचे जाणकार होते. स्वराची शुद्धता आणि आलापातून रागाचा संथ विस्तार ही या गायकीची ओळख. सुरेशबाबूंचे १९५३ साली निधन झाले. मुंबईत भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही वसंतरावांनी विद्या घेतली. या घराण्यात स्वरांच्या क्रमबद्ध मांडणीला, म्हणजे मेरुखंड पद्धतीला, आणि सरगमेला विशेष स्थान आहे.

या औपचारिक गुरूंखेरीज एका गायकाचा संस्कार त्यांच्यावर अत्यंत गाढ होता. ते म्हणजे मास्टर दीनानाथ मंगेशकर (निधन १९४२). दीनानाथांच्या गाण्यात पंजाबी ढंगाची चपळ फिरत, आक्रमक तान आणि पदाच्या अर्थाला धक्का देऊन उजळविणारी फेक होती. बालगंधर्वांच्या सात्त्विक, लालित्यपूर्ण गायकीच्या तुलनेत हा दुसरा ध्रुव होता. मराठी रसिकतेने बालगंधर्वांना आदर्श मानल्यामुळे दीनानाथांची वाट पुढे नेणारे गायक थोडे झाले. वसंतराव त्या थोड्यांपैकी प्रमुख होत.

घराणे म्हणजे केवळ गुरुशिष्यांची वंशावळ नव्हे. आवाजाचा लगाव, लयीची निवड, बंदिशींचा संग्रह, आलाप व तान यांचे परस्परप्रमाण यांविषयीची ती एक शिस्त असते. या शिस्तीमुळे गायकाला आरंभीच एक आकार मिळतो आणि श्रोत्याला ऐकण्याची चौकट मिळते. मैफलीचे आयोजक, आकाशवाणी, समीक्षक या सर्वांना गायकाची ओळख पटविण्याचे ते सोयीचे साधन असते. ज्याच्यापाशी असा एक शिक्का नाही, त्याला प्रत्येक मैफलीत स्वतःची ओळख नव्याने सिद्ध करावी लागते.

वसंतरावांच्या वाट्याला हेच आले. किराण्याची आलापी, भेंडीबाजारची सरगम, लाहोरचा पंजाबी ढंग आणि दीनानाथांची नाट्यपूर्ण तान यांचा त्यांच्या गळ्यात संयोग झाला होता. चाहत्यांना त्यात प्रतिभेचा मुक्त विलास दिसला, तर शुद्धतावाद्यांना चंचलता दिसली. त्यांच्या गाण्यात चमत्कृतीचा सोस आहे, रागाला स्थिरता मिळत नाही, असा आक्षेप घेतला गेला. घराण्याविषयी विचारणा झाल्यावर आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, अशा आशयाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. ते उत्तर बाणेदार आहेच. पण त्यामागे दीर्घकाळच्या उपेक्षेची जाणीवही असावी.

या आक्षेपाचा निःपक्षपाती विचार करावयास हवा. ज्या श्रोत्याला एका स्वरावर दीर्घ विसावा हवा असतो, त्याला वसंतरावांची गायकी अस्वस्थ करू शकते, हे मान्य करावे लागेल. ते राग सरळ रेषेत वाढवीत नसत. एखादी कल्पना सुचली की तिच्या मागे धावत जाऊन क्षणार्धात मूळ जागी परतत. परंतु चंचलता आणि अनवस्था यांत भेद आहे. लयीवरील पक्के नियंत्रण हा त्यांच्या गायनाचा कणा होता, तबल्याचीही त्यांना उत्तम जाण होती. त्यामुळे तान कितीही दूर गेली तरी समेचा हिशेब चुकत नसे. ख्याल, ठुमरी, दादरा, टप्पा, नाट्यपद, लावणी आणि भावगीत या सर्व प्रकारांत त्यांचा सहज संचार होता, तोही याच बळावर.

५. नोकरी आणि गाणे

संस्थानिकांचा आश्रय संपुष्टात येत असताना आणि सार्वजनिक मैफलींचे अर्थकारण पुरते स्थिरावलेले नसताना मध्यमवर्गीय गायकाने नोकरी करणे अपरिहार्य होते. वसंतरावांनी दोन दशकांहून अधिक काळ लष्करी हिशेब खात्यात काम केले. दिवसा खतावण्या आणि रात्री गाणे असा हा क्रम होता. गायकाला पहाटेचा मंद्रसाधनेचा रियाज, पुरेशी विश्रांती आणि लांबच्या दौऱ्यांसाठी मोकळीक लागते. या तिन्ही गोष्टींशी कारकुनाच्या वेळापत्रकाचा विरोध आहे.

याच नोकरीत त्यांची बदली ईशान्य सीमेवरील नेफा प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात झाली. मैफली, मित्र आणि श्रोते यांपासून हजारो किलोमीटर दूर गेलेल्या गायकाच्या दृष्टीने हा कालखंड किती कठीण गेला असेल, याची कल्पना येऊ शकते. अखेर १९६०च्या दशकाच्या मध्यास ते मुदतीपूर्वी नोकरीतून मुक्त झाले आणि पूर्णवेळ गायक बनले. त्या वेळी त्यांनी वयाची पंचेचाळिशी गाठली होती.

नोकरीच्या काळातही गाणे पूर्णतः खंडित झाले नव्हते, याचे बरेचसे श्रेय पु. ल. देशपांडे यांच्या स्नेहाला द्यावे लागते. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या पु.लं.च्या चित्रपटात वसंतरावांचा आवाज आहे. श्रीनिवास खळे यांनी वा. रा. कांत यांच्या कवितेला चाल देऊन वसंतरावांकडून गाऊन घेतलेले भावगीत आजही मराठी घरांत ऐकले जाते. येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. तानबाजीचा आरोप ज्या गायकावर झाला, त्याने हे भावगीत अत्यंत संयमाने, शब्दांना न दुखविता गायिले आहे. आक्षेपकांनी हा पुरावा पुरेसा लक्षात घेतलेला दिसत नाही.

६. ‘कट्यार काळजात घुसली’

मराठी संगीत रंगभूमीचा प्रवाह अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) पासून मोजला जातो. ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांच्या पदांना अनुक्रमे गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चालींमुळे रागसंगीत सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. १९३२ नंतर मराठी बोलपट आला आणि संगीत नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. १९६० च्या सुमारास विद्याधर गोखले यांच्या नाटकांनी या रंगभूमीला पुन्हा उभारी दिली. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) या वसंत कानेटकरांच्या नाटकापासून पं. जितेंद्र अभिषेकी यांनी नाट्यपदाला आटोपशीर, भावगर्भ आणि नव्या रागांचा शोध घेणारे रूप दिले. या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९६७ मध्ये ‘नाट्यसंपदा’ संस्थेने ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आणले.

नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरच्या रंजन कला मंदिर या संस्थेशी निगडित होते. संगीत अभिषेकींचे होते. वसंतरावांनी खाँसाहेब आफताब हुसेन ही भूमिका केली. भार्गवराम आचरेकर, प्रसाद सावकार, फैय्याज आणि प्रभाकर पणशीकर हे अन्य प्रमुख कलाकार होते. नागपूरचा लेखक, विदर्भातील नायक, गोव्याचा संगीतकार आणि सोलापूरची गायिका-अभिनेत्री असा हा मेळ होता. मुंबईत उभे राहिलेले हे नाटक ज्यांनी घडविले, त्यांपैकी अनेक जण केंद्राबाहेरून आलेले होते.

कथानकाचा गाभा दोन गायकींच्या संघर्षात आहे. एका संस्थानाच्या राजगायकपदासाठी पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब यांच्यात स्पर्धा होते. खाँसाहेबांना पद मिळते, त्यासोबत एक कट्यारही मिळते. पंडितजींचा शिष्य सदाशिव पुढे खाँसाहेबांकडेच विद्या मागण्यास येतो. घराण्याच्या अभिमानापायी खाँसाहेब त्याला नाकारतात; तो चोरून विद्या ऐकतो. विद्या ही कुटुंबाची मालमत्ता आहे की मागेल त्याची आहे, हा या नाटकाचा मूळ प्रश्न आहे.

अभिषेकींनी हा संघर्ष केवळ संवादांवर न सोपविता स्वररचनेतून उभा केला. नाटकातील एकच पद दोन गायकांच्या तोंडी दोन स्वरूपांत येते. पंडितजींच्या तोंडी ते धानी रागात, संथ व आर्जवी चालीत आहे. खाँसाहेब तेच शब्द सालगवराळी या अनवट रागात, द्रुत लयीत, तानांच्या वर्षावासह गातात. शब्द तेच असल्यामुळे प्रेक्षकाला अन्य काही सांगावे लागत नाही. दोन घराणी आणि दोन स्वभाव यांतील अंतर तो प्रत्यक्ष ऐकतो. संगीतशास्त्राचा परिचय नसलेल्या श्रोत्याला घराणे ही संकल्पना समजावून देण्याचा याहून परिणामकारक मार्ग मराठी रंगभूमीवर क्वचितच आढळेल. महाविद्यालयातील संगीत किंवा मराठी या विषयाच्या अध्यापकांनी ही दोन ध्वनिमुद्रणे वर्गात लागोपाठ ऐकवून पाहावीत.

या भूमिकेत एक लक्षणीय विरोधाभास आहे. प्रत्यक्ष जीवनात वसंतरावांची स्थिती सदाशिवाची होती. अनेक दारांवर जाऊन त्यांनी विद्या मिळविली होती आणि कोणत्याही एका घराण्याचा वारसा त्यांच्यापाशी नव्हता. रंगमंचावर मात्र ते घराण्याच्या शुद्धतेसाठी हट्ट धरणारा खाँसाहेब साकारीत होते. हा खाँसाहेब खलपुरुष न वाटता एक दुखावलेला, वर्षानुवर्षे डावलला गेलेला थोर कलावंत वाटतो. उशिरा मिळालेल्या मान्यतेचा कडवटपणा काय असतो, हे त्या नटाला ठाऊक होते, हे याचे एक कारण मानता येईल. त्यांच्या गाण्यातील चपळता व आक्रमकता, जी मैफलीत दोष ठरविली जात होती, तीच या भूमिकेची गरज होती. जे गुण एका व्यासपीठावर आक्षेपार्ह ठरले, त्यांना दुसऱ्या व्यासपीठावर योग्य जागा मिळाली.

७. उत्तरकाळ

‘कट्यार’ नंतरची सुमारे सोळा वर्षे वसंतरावांना लाभली. या काळात मैफली, नाट्यप्रयोग आणि ध्वनिमुद्रणे यांचा ओघ वाढला. नाट्यसंगीताच्या वाटचालीवर त्यांनी सप्रयोग व्याख्याने दिली. नाट्यपद मूळ कोणत्या बंदिशीवरून आले, भिन्न गायकांनी त्यात काय बदल केले, हे ते स्वतः गाऊन दाखवीत. निरनिराळ्या गायकांच्या शैली हुबेहूब उभ्या करण्याचे त्यांचे कौशल्य येथे अध्यापनाचे साधन बनले. ‘अष्टविनायक’ (१९७९) या चित्रपटात त्यांनी भूमिका केली आणि अनिल-अरुण यांच्या संगीतदिग्दर्शनाखाली पार्श्वगायनही केले. वधूपित्याच्या व्याकुळतेचे त्या चित्रपटातील त्यांचे गीत आजही लग्नघरांत वाजते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८२ साली मिळाला. पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९८३ रोजी, पुणे येथे वयाच्या ६३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नागपुरातील सिव्हिल लाइन्स भागातील प्रमुख सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे आणि तेथील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राने त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ संगीत समारोहाची प्रथा सुरू केली. त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आणण्यात वाटा उचलला. सुबोध भावे दिग्दर्शित ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट २०१५ मध्ये आला. ‘मी वसंतराव’ हा निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित चरित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. या चित्रपटातील गायनासाठी राहुल देशपांडे यांना ६८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा सन्मान मिळाला. आजोबांच्या निधनसमयी राहुल हे बालवयात होते. त्यामुळे ही गायकी त्यांच्यापर्यंत प्रत्यक्ष तालमीतून नव्हे, तर मुख्यतः ध्वनिमुद्रणे आणि वसंतरावांच्या सहवासातील व्यक्ती यांच्यामार्फत पोहोचली. गुरुमुखाशिवाय विद्येचे संक्रमण होऊ शकते का, या जुन्या प्रश्नाला येथे एक आधुनिक उदाहरण मिळते.

८. गोंदियासारख्या जिल्ह्याच्या संदर्भात

वसंतरावांच्या चरित्राचा पूर्व विदर्भातील अध्यापकांशी थेट संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. या परिसराला चंद्रपूर व गडचिरोलीसह झाडीपट्टीची स्वतंत्र नाट्यपरंपरा लाभली आहे. धानाची कापणी आटोपल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, गावोगावी रात्रभर नाटके चालतात. दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांच्या भूमीत रुजलेल्या या रंगभूमीवर गायन हा अविभाज्य घटक आहे. पुण्या-मुंबईत संगीत नाटकाचे प्रयोग विरळ झाले, तरी येथे पेटी-तबल्याच्या साथीने गाणारा नट हजारो प्रेक्षकांसमोर आजही उभा राहतो.

या गायक-नटांचे शिक्षण कोठे झाले, त्यांनी कोणाकडून पदे उचलली, हार्मोनियमवादक कोण होते, यांची पद्धतशीर नोंद अल्प आहे. शंकरराव सप्रे यांच्यासारख्या शिक्षकाचे नाव दोन विख्यात शिष्यांमुळे टिकले. ज्यांचे शिष्य विख्यात झाले नाहीत, त्या शिक्षकांची नावे एका पिढीनंतर पुसली जातात. महाविद्यालये येथे निश्चित कार्य करू शकतात. मराठी, संगीत व इतिहास या विभागांनी मिळून परिसरातील वयोवृद्ध गायकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, नाटकांच्या हस्तलिखित प्रती व जाहिरातपत्रके जतन करणे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हे विषय देणे, ही कामे मोठ्या अनुदानाविना होऊ शकतात. त्यासाठी भ्रमणध्वनी, वही आणि सातत्य पुरेसे आहे.

दुसरा मुद्दा शिष्यवृत्तीचा आहे. वसंतरावांच्या उमेदीच्या वर्षांतील फार मोठा भाग हिशेबाच्या टेबलाशी गेला. नोकरीने त्यांच्या संसाराला स्थैर्य दिले, हे नाकारता येत नाही. तथापि विशी ते पंचेचाळिशी या वयातील त्यांच्या गाण्याचा जो ठेवा आपल्याला मिळू शकला असता, तो फार थोडा मिळाला. आज ग्रामीण महाविद्यालयात शिकणारा गाणारा विद्यार्थीही स्पर्धा परीक्षा आणि रियाज यांच्या कात्रीत सापडलेला असतो. त्याला नोकरी करू नको असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे होईल. मात्र त्याला रियाजासाठी एक खोली, वापरता येण्याजोगा तानपुरा आणि वेळापत्रकात दोन मोकळे तास देणे हे संस्थेच्या हाती आहे.

९. निष्कर्ष

१) वसंतराव देशपांडे यांचा पाया नागपूरच्या संगीत विद्यालयात घातला गेला. त्यामुळे त्यांच्या यशात पुण्या-मुंबईसोबत विदर्भातील शिक्षणव्यवस्थेचाही वाटा मान्य करावा लागतो.

२) अनेक परंपरांतून घेतलेल्या शिक्षणाने त्यांच्या गायकीला विविधता व निर्भयता दिली, परंतु एका घराण्याची ओळख नसल्यामुळे मैफलीच्या क्षेत्रातील मान्यता लांबली.

३) ही मान्यता अखेर रंगभूमीच्या द्वारे आली. नाट्यसंगीत हे रागसंगीताचे दुय्यम रूप आहे, ही समजूत त्यांच्या उदाहरणावरून टिकत नाही. जे गुण मैफलीत वादग्रस्त ठरले त्यांचे मोल प्रथम रंगभूमीच्या प्रेक्षकाने ओळखले.

४) चरितार्थाची निकड ही कलावंताच्या निर्मितीवर थेट परिणाम करणारी बाब आहे. चरित्रलेखनात तिला तळटीपेचे स्थान न देता मुख्य विवेचनात स्थान द्यावयास हवे.

५) पूर्व विदर्भात गाण्याची जिवंत परंपरा आहे, परंतु तिचे दस्तऐवजीकरण अपुरे आहे. आज गाणारे वृद्ध कलावंत आपल्यात असेतोवरच हे काम करता येईल. म्हणून परिसरातील महाविद्यालयांनी ते येत्या शैक्षणिक सत्रापासूनच हाती घ्यावे.